बनाबाईच्या तांब्यातलं पाणी

कन्हेरी, ता. बारामती
४ फेब्रुवारी १९९६, रविवार

व्याहीबुवा मोहनरावांना सारजाबाईचा सलाम.

आधी पेढा तोंडात टाका, मग पुढं वाचा. तुमच्या युवराजच्या हाती पाठवलाय, वाटेत त्यानं खाल्ला नसंल तर.

तुमचा पाय पलस्तरात. इंदापूरहून हलता येत न्हाय. मग नात दिसती कशी, हे तुमाला कोण सांगणार? मीच. सासष्टाव्या वर्षी शिडी लावून चर्चच्या घंटेला तेल घालायला तुमाला सांगितलं कुणी? पोपसाहेबांनी? त्यांचा हुकूम आल्याबिगर तुमी काय करत न्हाय म्हणून इचारते.

तर पोर. रंग करुणाचा, माझ्या लेकीचा. कपाळ युवराजचं. नाक तुमचं. त्याला आता इलाज न्हाय. बारा जानेवारीला जन्मली, महिनाभर आधी, बारा दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत, मग आणखी दहा दिवस तितंच. परवा घरी आणली. मूठभर व्हती, आता दोन मुठी हाय. तेल लावाय घेतली की पायाची बोटं अशी फाकवती, जशी कोंबडी माती उकरती. करुणाला डिंकाचे लाडू चालू हायत. शेजारची बनाबाई, ती धनगराची हो, मेंढरं इकून आता ऊस लावलाय त्यांनी, ती रोज सकाळी शेळीचं दूध घालून जाती, पैशाचं नाव काढलं की भांडती.

बाळ पेटीत असतानाच आमच्याकडं ऐक्य सप्ताह झाला, तुमी क्याथलिक आन आमी प्रोटेस्टंट मिळून प्रार्थना करतो तो. मी तासभर जाऊन आले, पोरीसाठी प्रार्थना सांगावी म्हणून. तुमचे फादर आन आमचे पाळकसाहेब एकाच टेबलामागं बसले व्हते, बघून डोळं निवले. गाणी झाली, शास्त्र वाचलं. मग शेवटचा आशीर्वाद कुणी द्यायचा? तुमची माणसं म्हणली फादर, आमची पंच कमिटी म्हणली जागा आमची, पाळक देणार. अर्धा घंटा. शेवटी लाइट गेली आन लोक तसेच घरी गेले. मी म्हणते, दोघांनी दिला असता तर आमाला दुप्पट मिळाला असता.

पण एक कबूल करते. तुमची माणसं गुडघं टेकतात ती एकदम. आमच्यात एक उठतो, एक बसतो, तिसरा खोकतो. पन्नास माणसांचं गुडघं एका वक्ताला जमिनीला लागलेलं मी कधी बघितलं न्हवतं. अंगावर काटा आला.

आणिक एक सांगायचं व्हतं. पण राहू द्या, कागद संपला.

सारजाबाई


इंदापूर
१२ फेब्रुवारी १९९६

आदरणीय विहीणबाई,

येशूची स्तुती असो. पेढा मिळाला. अर्धा.

आपलं पत्र मी चार वेळा वाचलं. पैकी तीन वेळा फक्त नाकाचा भाग. चाळीस वर्षं शाळेत मुलांची पत्रं तपासली, पण आपल्यासारखं दोन इयत्ता शिकून असं लिहिणारं कुणी भेटलं नाही. शुद्धलेखनाबद्दल मात्र पाच गुण कापतो.

आशीर्वादाबद्दल आपण थट्टा केलीत. विहीणबाई, आशीर्वाद म्हणजे प्रसाद नव्हे, की ज्याच्या हाती ताट त्यानं वाटावा. येशूनं स्वर्गाच्या किल्ल्या शिष्य पेत्राच्या हाती दिल्या. त्याच्यापासून ज्याला तो अधिकार मिळत आला, त्यानंच आशीर्वाद द्यावा. नाहीतर प्रत्येक गल्लीत एक चर्च आणि प्रत्येक चर्चमध्ये दोन तट, हे आपल्याकडे होतंच आहे. राग मानू नये.

आता महत्त्वाचं. फादरांशी बोललो. आपल्या नातीचा स्नानसंस्कार, तुम्ही ज्याला बाप्तिस्मा म्हणता, ईस्टरनंतरच्या रविवारी, म्हणजे चौदा एप्रिलला ठरवला आहे. नाव तेरेजा. तोवर माझं प्लास्टर निघेल. बाळाचा पांढरा झगा युवराजच्या आईच्या लग्नातल्या साडीचा शिवून घेतो आहे. ती गेली त्याला येत्या जूनमध्ये सहा वर्षं होतील. साडी पेटीतच होती. शिंप्यानं कात्री लावली तेव्हा मी बाहेर जाऊन बसलो.

युवराजच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा त्याला मी धरलं होतं. हिलाही मीच धरणार, असं फादरांना सांगून ठेवलं आहे. या वयात माणसाला आणखी काय हवं असतं.

एक गोष्ट जड मनानं लिहितो. धर्ममाता म्हणून, म्हणजे संस्काराच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारी म्हणून, आपलं नाव मी सुचवलं होतं. नियमात बसत नाही. धर्ममाता कॅथलिकच लागते. आपल्याला साक्षीदार म्हणून उभं राहता येईल. मी दोनदा विचारलं. फादर म्हणाले, मास्तर, तुम्हीच मुलांना नियम शिकवता ना?

आपला,
मोहनराव


कन्हेरी
२१ फेब्रुवारी १९९६

व्याहीबुवा, सलाम.

साडीचं वाचून मी चुलीम्होरं बसून रडले. करुणा म्हणली, काय झालं? म्हणलं, धूर झाला. गॅसवर धूर कसला, म्हणली. पोरगी शिकलेली हाय ना.

धर्ममातेचं तुमी मनाला लावून घेऊ नका. साक्षीदार तर साक्षीदार. दोनदा इचारलंत हेच मला लई झालं. आमच्या कमिटीत एकदा इचारून कुणी गप बसत न्हाय, पण दुसऱ्यासाठी कुणी दोनदा इचारत बी न्हाय.

पोर आता हसती. झोपेतच, पण हसती. आबासाहेब, बनाबाईचा मालक, म्हणतो कोकरानं चांगलं अंग धरलंय.

तारखेचं मात्र बघा की जरा. एप्रिलचं ऊन, पोर नाजूक. पावसाळा झाल्यावर करावं का? आन दुसरं एक इचारते, नुसतं इचारते, तुमच्यात पाणी न घालता हे व्हतं का? म्हंजे झगा घालायचा, मेणबत्ती लावायची, तेल लावायचं, नाव घ्यायचं, सगळं थाटात करायचं. फक्त पाणी न्हाय. पोरीला सर्दी व्हती हो लगेच. तुमच्या फादरांना इचारून बघा, माझं नाव न सांगता.

उसाला तोड आली न्हाय अजून. टोळी शेजारच्या रानात चार दिवस झाली बसलीया. पाय कसा हाय? खाजतो का? पलस्तरात विणायची सुई घालू नका, माझ्या भावानं घातली व्हती, मोडून आत राहिली.

सारजाबाई


इंदापूर
२९ फेब्रुवारी १९९६

विहीणबाईंस,

आपलं पत्र मिळालं. पाण्याशिवाय स्नानसंस्कार! मी हे फादरांना विचारलं नाही. विचारण्याची मला लाज वाटली.

मी साधा माणूस आहे, पण वाचता येतं. आधी तारीख पुढं ढकला, मग पाणी नको. पुढच्या पत्रात काय, फादर नको? लग्नाच्या वेळी आपल्या घरी, आपल्या अंगणात, मुलं कॅथलिक होतील असं ठरलं. तेव्हा आपण माझ्या ताटात स्वतः पुरणपोळी वाढलीत आणि म्हणालात, देव एक हाय, नळ दोन हायत. मी तो शब्द धरून चाललो.

आता आपल्या पाळकसाहेबांनी किंवा कमिटीनं आपल्याला पढवलं असेल तर तसं सरळ लिहावं. नात माझी आहे तशी आपली आहे, हे मी विसरलेलो नाही. पण माझ्या नातीला तिच्या बापाच्या चर्चमध्ये पाणी मिळू नये असं आपल्याला वाटत असेल, तर या पत्रांना अर्थ उरत नाही. झगा तयार आहे. तो मी परत पेटीत ठेवीन.

मोहनराव


कन्हेरी
१० मार्च १९९६, रविवार

मोहनराव,

आठवडाभर तुमचं पत्र शास्त्राच्या पुस्तकात घालून ठेवलं. आज लिहिते. लेकीला जावयाला अजून काय ठाऊक न्हाय, त्यांच्या आधी तुमाला सांगते. थट्टा करत न्हाय.

मला कुणी पढवलं न्हाय. पोरीवर पाणी पडलंय. मी घातलंय.

बारा जानेवारी, दुपारचं बारा-साडेबाराचं टायम. करुणा आत टेबलावर, शुद्धीत न्हाय. युवराज पुण्याला न्यायला गाडी बघाय पळाला व्हता. नर्सबाईनं पोर कापसात गुंडाळून आणली आन म्हणली, आजी, धरा, डॉक्टर पेटीची तयारी करतायत, पण आशा कमी हाय. ओठ निळं, जांभळासारखं. रडं न्हाय. एवढीशी छाती एकदा हलली की परत हलंल का न्हाय, असं बघत बसायचं.

मी तुमाला कधी सांगितलं न्हाय. मी जन्मले तवा माझं नाव नकोशी ठेवलं व्हतं. माझ्यावर चार बहिणी. सहा वर्षं मला सगळं गाव त्याच नावानं हाक मारायचं, भाकर खायला ये गं नकोशे. मग बा मिशनकडं गेला. पाळकांनी माझ्या डोक्यावर पाणी घातलं आन म्हणलं, सारजा. त्या दिवसापास्नं मी नको न्हवते. कुणाला हे साधं वाटंल. मला न्हाय.

म्हणून व्याहीबुवा, ती पोर बिनपाण्याची, बिननावाची जाती, हे माझ्यानं बघवंना. बनाबाई डबा घिऊन आली व्हती, तिच्या हातात तांब्या. म्हणलं, बने, वत माझ्या हातावर. पाणी थंड, म्हणून आधी वंजळीत धरलं, कोमट झालं तवा घातलं. बनाबाईनं खाली डब्याचं झाकण धरलं. तीन येळा घातलं. पित्याचं नाव घेतलं, पुत्राचं घेतलं, पवित्र आत्म्याचं घेतलं. पोरीचं नाव काय घ्यावं? तुमी तेरेजा ठरवलं ते मला काय ठाऊक. तोंडात आलं ते घेतलं, छकुली.

मग ती रडली. डॉक्टर म्हणले, सुई दिली व्हती तिचा गुण. असंल. मी वाद घालत न्हाय.

मग मला भ्या वाटाया लागलं. मी कोण? मी पाळक न्हाय, पंच न्हाय, बाईमाणूस, दुसरी शिकलेली. आमच्यात तर नेमलेल्या पाळकानंच बाप्तिस्मा द्यावा. तुमच्यात तर फादरच. आन शब्द तर तुमाला दिलेला. मला वाटलं, मी पोर चोरली. तुमची चौदा तारीख आली. साडी कापली. माणसावर दोनदा पाणी घालत न्हाईत, हे आपल्या दोघांच्यातबी सारखंच. गप बसले तर देवाम्होरं खोटी. सांगितलं तर तुमच्या हातातनं ती घटका गेली. म्हणून तसलं येडं पत्र लिवलं, बिनपाण्याचं.

मागच्या रविवारी पाळकसाहेबांना सांगितलं. माणूस चांगला हाय, ओरडला न्हाय. म्हणला, आजी, मायेनं केलंत, पण कोणत्या अधिकारानं? कमिटीत ठेवावं लागंल. कमिटी बसली. तिघं म्हणले झाला, तिघं म्हणले न्हाय झाला, एक म्हणला मला जेवायला जायचंय.

घरी येताना तळ्यावर आबासाहेब बसला व्हता. त्याच्या घरात आता चारच मेंढरं. म्हणला, आमचं दोन कळप पाण्यावर आलं तर आमी तितं येगळं करत न्हवतो, पिऊ द्यायचो. मागनं आपापल्या धनगराचा आवाज वळखून जात्यात. त्यो काय माझ्यासाठी बोलला न्हाय, जुनं दिवस काढून बसलेला. पण मी तिथंच उभी राहिले.

आता तुमी फादरांना सांगा, माझं नाव घिऊन सांगा. काय दंड आसंल तो माझा. पोरीला काय लावू नका. झगा पेटीत ठेवू नका, इनंती हाय.

सारजा


इंदापूर
२४ मार्च १९९६, रविवार

प्रिय विहीणबाई,

आधी माफी. मोठ्या अक्षरात लिहितो, म्हणजे चष्मा नसताना वाचता येईल. मला माफ करा.

प्लास्टर बुधवारी निघालं. काठी टेकत पहिला गेलो तो फादरांकडे. पत्र त्यांच्या हातात दिलं. मला धीर नव्हता, म्हणून मी खिडकीबाहेर लिंबाकडे बघत उभा राहिलो. त्यांनी सगळं वाचलं, मग परत मधला भाग वाचला, आणि शाळेत मी मुलांना विचारायचो तसे प्रश्न मला विचारले. पाणी साधं होतं का? हो. कातडीवरून वाहिलं का, की नुसता ओला हात लावला? वाहिलं, खाली झाकण धरलं होतं. तिन्ही नावं घेतली का? घेतली. मनात काय होतं? ते पत्रात आहे, फादर, मी म्हणालो.

फादर हसायला लागले. म्हणाले, मास्तर, तीस वर्षं तुम्ही चर्चमध्ये मुलांना धर्माचा धडा शिकवता. जीव जात असेल तर पाणी कोण घालू शकतो?

विहीणबाई, तो प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालतो. उत्तर आहे: कोणीही. पुरुष, बाई, ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा. चर्च जे करतं तेच करायचं मनात हवं, पाणी हवं, तीन नावं हवीत. मुलं हे घोकून लिहितात आणि मी बरोबरची खूण करतो. आणि माझ्याच घरात ते घडलं तेव्हा मला ओळखता आलं नाही. पाच गुण मी आपले कापले होते, ते परत करतो. माझे किती कापायचे ते आपण ठरवा.

निकाल असा: छकुलीचा स्नानसंस्कार बारा जानेवारीलाच झाला आहे. पुरा झाला आहे. त्यावर पुन्हा पाणी घालणं हाच गुन्हा ठरेल. चौदा एप्रिलला तिला चर्चमध्ये आणायचं. तेल, झगा, मेणबत्ती हे राहिलेलं करायचं. आपण विचारलं होतं तसंच: सगळं थाटात, फक्त पाणी नाही! मी ते विचारायला लाजलो होतो.

मी आपल्याला किल्ल्यांवर व्याख्यान दिलं. त्याच किल्ल्यावाल्यांच्या नियमात आपल्यासाठी दार उघडं निघालं, आणि ते मला ठाऊक असून मी बंद समजत होतो.

तिला मी धरलेलं नसताना पाणी पडलं, याची खंत दोन दिवस होती, खोटं सांगत नाही. मग वाटलं, माझ्या हातात ती गेली असती तर मी नियम आठवत बसलो असतो. तुम्ही पाणी कोमट केलंत.

बनाबाईंना घेऊन या. वहीत साक्षीदाराची सही लागते. येताना डिंकाचा लाडू चालेल. युवराजच्या हाती पाठवू नये.

आपला,
मोहनराव


कन्हेरी
१७ एप्रिल १९९६

व्याहीबुवा, सलाम, सलाम, आन तिसऱ्यांदा सलाम.

आमी सुखरूप पोचलो. एस्टीत पोर झोपली, बनाबाई जागी. सबंध वाटेनं समोरच्या बाईला सांगत व्हती, मी इंदापूरच्या चर्चमदी अंगठा दिला. त्या बाईला वाटलं जमिनीचं खरेदीखत झालं.

तुमच्याकडचं किती गुण गावं! झग्याला खालनं साडीचा काठ तसाच ठेवलाय तो मी हात लावून बघितला. ज्या मोठ्या माणसांनी आमाला कधी बघितलं न्हवतं, ती उठून जागा देत व्हती. आन फादर त्या पाण्याच्या दगडी कुंडापाशी आले तवा माझा जीव खाली-वर. त्यांनी झाकण उचललंच न्हाय. झाकणावर हात ठेवला आन सगळ्यांम्होरं म्हणले, या लेकराला पाणी मिळालेलं हाय, देणारी हितं बसलीया. सगळी मान वळवून माझ्याकडं. मी पदर सावरायचा तर लाडवाचा डबा मांडीवरनं पडला. ते तुमी बघितलंच.

मेणबत्ती तुमच्या हातात दिली तवा तुमी बाहीनं डोळं पुसलं. धूर झाला, म्हणालात. असंल.

ख्रिस्तप्रसादाच्या वक्ताला तुमी सगळे रांगेत गेला, मी बाकावर बसले, तुमच्या नियमात आमाला तो मिळत न्हाय. ते मला लागलं, झाकून ठेवत न्हाय. एका पाण्यातली आन एका ताटात न्हाय. तुमी परत आला ते म्होरं तुमच्या जागेवर गेला न्हाय. काठी टेकत मागं आला, माझ्या बाकावर बसला. मी लाडवाचा डबा सरकवून जागा केली. ह्यावर आपण म्हातारपणभर भांडू, पण त्या वक्ताला बरं वाटलं.

आता तुमी जेवणाची पंगत बघाय गेला तवा काय झालं ते सांगते, म्हणून तर पत्र. फादरांनी मला आन बनाबाईला आफिसात बोलावलं. लाल पाठीची मोठी वही काढली. नाव लिवलं: छकुली तेरेजा. आईबापाचं लिवलं. तारीख, बारा जानेवारी. बनाबाईनं अंगठा दिला, शाई पदराला पुसली, आता ती जागा दाखवत फिरती. मग फादर थांबले. म्हणले, आजी, तुमचं नाव?

माझ्या तोंडात एकदम दोन्ही नावं आली, व्याहीबुवा. साठ वर्षांपूर्वीचं ते बी आलं. मी म्हणलं, सारजा.

वहीत संस्कार देणाऱ्याच्या रकान्यात आधीच छापलेलं व्हतं, फादर. वरपास्नं खालपर्यंत पानावर, फादर, फादर, फादर. त्यांनी पेनानं आमच्या वळीतलं ते खोडलं, पट्टी लावून, नीट. आन वर लिवलं, आजी. म्होरं, सारजाबाई. मला वाचाय लावलं. मी बोट ठेवून वाचलं.

तुमाला एक काम सांगते. त्या पानाची नक्कल, चर्चचा शिक्का मारून, पोस्टानं पाठवा. अठ्ठावीसला आमची कमिटी परत बसायची हाय, त्याच प्रश्नावर, कोणत्या अधिकारानं. मी भांडणार न्हाय. कागद टेबलावर ठेवीन आन छकुलीला मांडीवर घिऊन बसीन.

तुमची विहीण,
सारजा